‘कोई शक?’ न विचारता दिलेला हुकूम : आयर्लंडचे टेलिव्हिजन, १९७२

मागच्या भागात आपण १९६१ च्या काँगोमध्ये होतो. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली आपली ब्रिगेड कटांगा प्रांतात लढत होती, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया तिथेच धारातीर्थी पडले. त्याच प्रांतात जाडोटव्हिल नावाच्या खाणगावात आयरिश सैनिकांची एक कंपनी वेढ्यात सापडली होती, तेही आपण पाहिले. तो भाग ऐकून बऱ्याच जणांनी विचारले की, या आयरिश लोकांबद्दल आणखी काही सांगा. एवढासा देश, छोटेसे सैन्य, त्यांच्या घरात त्या काळी काय चालले होते? मी त्यांच्या सैन्याबद्दल वाचायला बसलो आणि अडकलो भलतीकडेच, त्यांच्या टेलिव्हिजनमध्ये. म्हणून आज तोफा-बंदुका थोड्या बाजूला ठेवू. अगदी बाजूला राहणार नाहीत म्हणा, कारण विषयच तसा आहे.

आयर्लंडचे टेलिव्हिजन सुरू झाले ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावरच्या ग्रेशम हॉटेलात समारंभ होता. नाचगाणे, पाहुणे, नव्या वर्षाचे स्वागत. राष्ट्रपती होते एमन डी व्हॅलेरा. हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगले माहीत होते. टिळक-गांधींच्या काळातल्या आपल्या वर्तमानपत्रांनी आयर्लंडचा लढा बारकाईने छापलेला आहे. १९१६ च्या उठावात भाग घेतलेला, फाशीतून थोडक्यात वाचलेला हा माणूस आता ७९ वर्षांचा होता, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हते. उद्घाटनाच्या भाषणात माणूस साधारणपणे गोड बोलतो. यांनी टेलिव्हिजनची तुलना अणुशक्तीशी केली. याने अमाप भले होऊ शकते आणि कधीही भरून न येणारे नुकसानही होऊ शकते, असा त्यांचा सूर होता. घरात नवी वस्तू आणावी आणि आजोबांनी पहिल्याच दिवशी ‘हात भाजेल हो’ म्हणावे, तसे.

आता या संस्थेची बांधणी समजून घेऊ, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे. १९६० च्या कायद्याने एक स्वतंत्र नियामक मंडळ नेमले होते. सरकार सदस्य नेमणार, पण रोजचा कारभार मंडळ आणि त्याचा महासंचालक पाहणार. पैसा येणार परवाना शुल्कातून आणि जाहिरातींतून. रेडिओही याच मंडळाकडे. १९६६ पासून संस्थेचे नाव आर.टी.ई. झाले. आपल्याकडे त्या काळी असे काहीही नव्हते. आकाशवाणी हे सरकारचे एक खाते होते आणि टेलिव्हिजन त्या खात्यातली एक खोली. आपल्या मानाने आयरिश लोक बरेच पुढे होते.

पण त्या कायद्यात ३१ वे कलम होते. टपाल व तार खात्याचा मंत्री लेखी हुकूम देऊन मंडळाला एखादी विशिष्ट गोष्ट किंवा एखाद्या प्रकारच्या गोष्टी प्रसारित करण्यापासून थांबवू शकेल, असे त्यात म्हटले होते. बाकी कायदा स्वातंत्र्याचा, आणि एक कलम लगामाचे. १९६६ मध्ये पंतप्रधान शॉन लेमास यांनी संसदेत सरळच सांगून टाकले की, ही संस्था सरकारी धोरणाचे साधन म्हणून स्थापन झाली आहे आणि म्हणून ती सरकारला जबाबदार आहे. लेमासही १९१६ च्या उठावात लढलेले, राष्ट्र उभे करणाऱ्या पिढीतले. अशा माणसांना आपण उभारलेल्या घरात दुसऱ्या कुणी मोठ्याने बोललेले खपत नाही. हे फक्त आयर्लंडचे नाही.

पहिली दहा वर्षे ३१ व्या कलमाखाली असा एकही हुकूम निघाला नाही. मग उत्तरेत आग लागली. आयर्लंड बेटाचे दोन भाग आहेत हे आपण जाणतोच. दक्षिणेत स्वतंत्र प्रजासत्ताक, उत्तरेत सहा परगणे ब्रिटनकडे. १९६९ मध्ये उत्तरेत दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले, आयरिश रिपब्लिकन आर्मीत फूट पडली आणि त्यातला ‘प्रोव्हिजनल’ म्हणवणारा जहाल गट बाँब आणि बंदुकीच्या मार्गाने निघाला. दक्षिणेतल्या सरकारपुढे मोठा पेच. ध्येय एकच, अखंड आयर्लंड; पण हे लोक डब्लिनच्या सरकारलाच मानत नव्हते.

सप्टेंबर १९७१ च्या अखेरीस आर.टी.ई.च्या ‘सेव्हन डेज’ या टेलिव्हिजन कार्यक्रमात आय.आर.ए.च्या पुढाऱ्यांच्या मुलाखती दाखवल्या गेल्या. तीन दिवसांनी, १ ऑक्टोबरला, मंत्री जेरी कॉलिन्स यांचा लेखी हुकूम मंडळाकडे पोचला. त्याचा मतलब असा : जी संघटना आपले उद्दिष्ट हिंसक मार्गाने साधू पाहते, किंवा तसे करायला उत्तेजन देते, तिच्या हेतूंना वा कारवायांना चालना मिळेल असे काहीही प्रसारित करू नये.

मंडळाने मंत्र्यांकडे खुलासा मागितला. चालना म्हणजे नेमके काय? मुलाखत घ्यायचीच नाही, की घेऊन उलटतपासणी केली तर चालेल? त्यांचे पत्रक बातमीत सांगायचे की नाही? अंत्ययात्रा दाखवायची की नाही? मंत्र्यांनी खुलासा करायला नकार दिला. हुकूम पुरेसा स्पष्ट आहे, एवढेच.

इथे माझ्यातला जुना फौजी अडखळला. तुमच्यातले जे सैन्यात होते त्यांना लगेच कळेल. आपल्याकडे हुकूम देण्याची एक रीत आहे. परिस्थिती, उद्देश, कोण कुठून जाणार, हद्द कुठे संपते, गोळी कधी झाडायची आणि कधी नाही, हे सगळे सांगून झाले की शेवटी समोरच्यांना विचारायचे : ‘कोई शक?’ शिपायापासून सुभेदारसाहेबांपर्यंत कुणालाही हात वर करता येतो. ती शिष्टाचाराची गोष्ट नाही. शंका आत्ता निघाली तर दोन मिनिटे जातात, अंधारात निघाली तर माणसे जातात. आणि त्यात दुसरेही एक इंगित आहे. स्पष्ट हुकूम दिला की त्याची जबाबदारी देणाऱ्यावर राहते. मोघम दिला की ती हळूच खाली सरकते. मी स्वतः एकदा अशांत टापूत कंपनी घेऊन होतो तेव्हा वरून निरोप आला होता, ‘परिस्थिती पाहून योग्य ते करा.’ मी लेखी मागितले. आले नाही. तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. काही बिघडले असते तर ‘योग्य ते’ काय होते हे मला नंतर समजावून सांगण्यात आले असते.

आर.टी.ई.चे वार्ताहर १९७१ च्या ऑक्टोबरपासून नेमके अशाच महिन्यात जगत होते. आणि पुढे आले १९७२.

त्या वर्षाची सुरुवातच बोलकी आहे. ५ जानेवारीला शेजारच्या ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने उत्तर आयर्लंडच्या प्रश्नावर एक लांबलचक चर्चा दाखवायचे ठरवले. गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना ते अजिबात पसंत नव्हते आणि त्यांनी तसे कळवले. बी.बी.सी.चे अध्यक्ष लॉर्ड हिल ऐकेनात. कार्यक्रम झाला. मंत्री रागावले, पण बंदी घातली नाही, मंडळ हलवले नाही. हे लक्षात ठेवा, कारण डब्लिन आणि पूर्व किनाऱ्यावरच्या घरांच्या छपरांवर उंच एरियल असत आणि त्यांवर ब्रिटिश वाहिन्या व्यवस्थित दिसत. म्हणजे डब्लिनच्या मंत्र्याने आपल्या वाहिनीचे तोंड बांधले तरी त्याच दिवाणखान्यात, त्याच डब्यावर, एक बटण फिरवले की लंडन बोलत होते.

मग ३० जानेवारी. रविवार. उत्तरेतल्या डेरी शहरात नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा पुढे दगावला. फादर एडवर्ड डेली नावाचे पाद्री रक्ताने माखलेला पांढरा रुमाल हलवत वाकून पुढे चालले आहेत आणि मागे चार माणसे एका पोराला उचलून नेत आहेत, हे दृश्य बी.बी.सी.च्या कॅमेऱ्याने टिपले. आज तुम्ही ते शोधले तर लगेच सापडेल. मी पाहिले आहे. पॅराशूटची टोपी जगात कुठेही अभिमानाने घालतात, आणि म्हणून मला ते पाहताना जास्तच जड गेले. एप्रिलमध्ये ब्रिटिश सरन्यायाधीशांच्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरवले. दुसऱ्या चौकशीचा अहवाल यायला २०१० उजाडले. त्यात मारल्या गेलेल्यांपैकी कुणापासूनही गोळी झाडावी असा धोका नव्हता असे निघाले आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षे. तोवर त्या दिवसाची दृश्ये होती तशीच होती.

२ फेब्रुवारीला आयर्लंडभर दुखवटा होता. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये जमाव जमला आणि ब्रिटिश वकिलात जाळली गेली. हेही कॅमेऱ्यासमोर. पंतप्रधान जॅक लिंच यांच्या सरकारला त्या धुरात काय दिसले असेल याची कल्पना करता येते. आज वकिलात जळते, उद्या काय? सरकारची भीती खोटी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर आपण आजच्या आरामखुर्चीतून त्यांना हुकूमशहा ठरवून मोकळे होऊ. २१ जुलैला बेलफास्टमध्ये आय.आर.ए.ने सव्वा-दीड तासाच्या आत वीसेक बाँब फोडले, नऊ माणसे मेली. त्या संघर्षातले सगळ्यात रक्तरंजित वर्ष १९७२ हेच. वर्षभरात पावणेपाचशेहून अधिक बळी, त्यांत शंभरावर ब्रिटिश सैनिक. लोकसंख्या पाहिली तर उत्तर आयर्लंड म्हणजे आपला एखादा मध्यम जिल्हा.

बाकी आयुष्य चालूच होते. मे महिन्यात युरोपच्या सामायिक बाजारात जाण्यासाठी सार्वमत झाले, पाचांतल्या चाराहून अधिक मतदारांनी होकार दिला. युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत आयर्लंडने त्या वर्षी आयरिश भाषेतले गाणे पाठवले. असे पुन्हा आजवर झालेले नाही. ईस्टरला आयरिश भाषिक भागांसाठी स्वतंत्र रेडिओ केंद्र सुरू झाले. आपली भाषा आपल्याच देशात कमी पडते आहे, याची खंत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

आणि एक गंमत. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, आपले मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे देशातले दुसरे. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या इमारतीत एकाच घरी सेट होता आणि संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही पोरे जमिनीवर मांडी घालून बसायचो. चपला बाहेर, आवाज बंद. काळे-पांढरे चित्र हलले की काकू उठून एरियलची तार नीट करायच्या. बातम्या लागल्या की मोठी माणसे गप्प व्हायची. त्या बातम्या कोण ठरवते हा प्रश्न आमच्याच काय, मोठ्यांच्याही मनात आला नसेल.

आता नोव्हेंबर. केविन ओकेली हे आर.टी.ई.चे ज्येष्ठ पत्रकार. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आयरिश प्रेक्षकांना रात्रभर ते समजावून सांगणारा आवाज यांचा होता. त्यासाठी त्यांना पारितोषिकही मिळाले होते. म्हणजे कुणी भडक माथ्याचे पोरगे नव्हे. घराघरांत ओळखीचा, भरवशाचा माणूस. त्यांनी प्रोव्हिजनल आय.आर.ए.चा प्रमुख शॉन मॅक स्टिओफॉइन याची मुलाखत घेतली. स्वतःच्या घरी, टेपरेकॉर्डर लावून.

हा मॅक स्टिओफॉइन म्हणजे एक प्रकरणच होते. जन्म लंडनचा, मूळ नाव जॉन स्टीफन्सन. तरुणपणी ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेला. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेच्या छात्रसेनेचे शस्त्रागार लुटताना पकडला गेला आणि तुरुंगात आयरिश भाषेवर हात बसवून बाहेर आला. ज्यांचा गणवेश अंगावर चढवला त्यांच्याच विरुद्ध बंदूक धरणारी माणसे मी माझ्या नोकरीतही पाहिली आहेत. ती घरच्यांपेक्षा जास्त कडवी असतात.

मुलाखत देऊन तो बाहेर पडला आणि १९ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्याला पकडले. त्याच रविवारी दुपारी आर.टी.ई. रेडिओच्या ‘धिस वीक’ कार्यक्रमात ओकेलींनी ही मुलाखत सादर केली. इथे नीट लक्ष द्या. मॅक स्टिओफॉइनचा आवाज प्रसारित झाला नाही. प्रश्न काय विचारले आणि उत्तरे काय मिळाली ते ओकेलींनी स्वतःच्या आवाजात सांगितले. वार्ताहराने आपल्या परीने हुकुमाचा अर्थ लावला होता : बंडखोराला ध्वनिक्षेपक द्यायचा नाही, पण तो काय म्हणतो हे लोकांना कळायला हरकत नाही. तो अर्थ चूक होता की बरोबर? हुकुमातून ठरवता येत नव्हते. ठरवणारा एकच, आणि त्याने आधी बोलायला नकार दिला होता.

सरकारने मंडळाकडे जाब मागितला. मंडळाने उत्तर दिले, त्याने समाधान झाले नाही. शुक्रवार, २४ नोव्हेंबरला अध्यक्ष डोनल ओ मोरॉइन यांच्यासह सबंध मंडळ बडतर्फ झाले आणि लगेच नवे नेमले गेले. चूक, मानायचीच झाली तर, रेडिओच्या एका कार्यक्रमाची. पण रेडिओ आणि टेलिव्हिजन एकाच मंडळाचे, त्यामुळे धाक बसला तो दोन्हीकडे, आणि टेलिव्हिजनकडे जास्त.

दुसऱ्या दिवशी मॅक स्टिओफॉइनला न्यायाधीशांच्या विशेष न्यायालयात उभे केले. ज्युरी नसलेले न्यायालय. ध्वनिफीत पुराव्यात होती. ओकेलींना साक्षीदार म्हणून विचारले गेले, हा आवाज कुणाचा? त्यांनी सांगायला नकार दिला. ज्याने विश्वासाने आपल्यापुढे तोंड उघडले त्याला आपण पिंजऱ्यात ओळखून द्यायचे नाही, ही पत्रकाराची रीत. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तीन महिने कैद. आरोपीला सहा महिने. आर.टी.ई.चे पत्रकार काम टाकून बाहेर आले आणि देशाच्या राष्ट्रीय वाहिनीवरच्या बातम्या थांबल्या. पुढे अपिलात ओकेलींची कैद जाऊन २५० पौंडांचा दंड राहिला. मात्र साक्ष देण्यातून पत्रकाराला वेगळी सूट नाही, हे तत्त्व न्यायाधीशांनी कायम ठेवले. यात मला न्यायालयाचे म्हणणे पटते. ओकेलींचे वागणेही पटते. दोन्ही पटणे शक्य आहे. माणूस आपल्या शब्दासाठी शिक्षा भोगायला तयार असेल तर त्याला सूट मागावी लागत नाही.

तिकडे मॅक स्टिओफॉइनने अन्नच नव्हे, पाणीही सोडले होते. २६ तारखेला त्याला डब्लिनच्या मेटर रुग्णालयातून पळवायचा प्रयत्न झाला. पाद्र्यांच्या वेशात बंदूकधारी आत शिरले, गोळ्या झाडल्या गेल्या, डाव फसला. सरकारने त्याला हेलिकॉप्टरने लष्करी छावणीतल्या रुग्णालयात हलवले. काही दिवसांत त्याने पाणी घेतले, जानेवारीत उपोषणही सोडले. आय.आर.ए.मध्ये उपोषण अर्धवट सोडणाऱ्याला मान नसतो. तो पुन्हा कधी प्रमुख झाला नाही. त्याची कारकीर्द संपवली ती सरकारी बंदीने नव्हे, त्याच्या स्वतःच्या प्रतिज्ञेने. त्याला तोंडभर बोलू दिले असते तर ती आणखी लवकर संपली असती का, हा विचार मला राहून राहून येतो.

१ डिसेंबरला संसदेत नवा कडक कायदा चर्चेला होता. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने ‘अमुक इसम बेकायदा संघटनेचा सदस्य आहे असे मी मानतो’ एवढे शपथेवर सांगितले तरी तो पुरावा धरावा, असा. विरोधक दुभंगलेले होते, विधेयक अडखळेल असे दिसत होते. त्या संध्याकाळी डब्लिनच्या मध्यवस्तीत दोन बाँब फुटले. बससेवेतले दोन कामगार ठार, शंभराहून अधिक जखमी. विरोध ओसरला, विधेयक मंजूर झाले. असे निर्णय नेहमी अशाच रात्री होतात.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, तुम्ही वर्दीतले, तुम्ही कुणाच्या बाजूने? दहशतवाद्याला टेलिव्हिजनवर बसवायचे का? खरे सांगतो, पहिल्या वाचनात मी मंत्र्यांच्याच बाजूने होतो. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते तीन दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि आपल्या वाहिन्या ते थेट दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहून आत फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल कडक शब्दांत फटकारले आहे. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत बदल झाला : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच, कारवाई संपेपर्यंत.

हा नियम आणि कॉलिन्स यांचा हुकूम शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात काय नाही दाखवायचे, केव्हापर्यंत, आणि त्याऐवजी माहिती कुठून मिळेल, तिन्ही आहे. शिपायाला पाठ होईल. दुसऱ्यात हद्दच नाही. ‘चालना मिळेल असे’. कुणाला वाटेल तेव्हा, वाटेल त्याने चालना मिळू शकते. पहिला हुकूम चालू कारवाईतल्या जवानाचा जीव वाचवतो. दुसरा सरकारला अडचणीपासून वाचवतो, आणि दोन्हींना नाव एकच दिले जाते, सुरक्षा.

पुढची कथा आणखी चमत्कारिक आहे. १९७३ मध्ये सरकार बदलले आणि टपाल व तार खाते कुणाकडे आले? कॉनर क्रूझ ओब्रायन. मागचा भाग ऐकलेल्यांनो, आठवते ना नाव? कटांगात संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले तेच. लेखक, विद्वान. त्यांनी १९७६ मध्ये कायदा बदलला. एक गोष्ट चांगली केली : मंडळाला आता मंत्री एका पत्राने घरी पाठवू शकत नव्हता, संसदेच्या दोन्ही सभागृहांचा ठराव लागणार होता. हुकुमाची मुदतही बारा महिन्यांची केली. दुसरे म्हणजे हुकूम स्पष्ट केला. संघटनांची नावेच दिली. पण यादीत आय.आर.ए.बरोबर तिचा राजकीय अवतार शिन फेन हा कायदेशीर पक्षही होता. त्यांच्या प्रवक्त्यांची मुलाखत नाही, मुलाखतीचा वृत्तान्तही नाही. ओकेलींनी काढलेली वाटही बुजली.

तर ‘कोई शक?’ला निदान उत्तर मिळाले होते. मग अंधार कमी व्हायला हवा होता. झाला नाही. १९९० मध्ये डब्लिनमधल्या एका बेकरी कारखान्यात संप झाला. कामगारांच्या वतीने जो बोलत होता तो शिन फेनचा सदस्य निघाला. विषय पगार आणि पाव-केकचा, बंदुकीचा नव्हे. तरी आर.टी.ई.ने त्याला ऐकवायचे नाकारले. तो न्यायालयात गेला. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हुकूम इतका लांब जातच नव्हता. बंदी प्रवक्त्यांवर होती, प्रत्येक सदस्यावर प्रत्येक विषयात नव्हती. म्हणजे वाहिनीने स्वतःहून सरकारपेक्षा जास्त बंदी पाळली होती! १९७२ मध्ये ज्यांनी वरचे सगळे मंडळ एका शुक्रवारी जाताना पाहिले, त्यांनी पुढच्यांना एकच धडा दिला : शंका आली की सोडून द्या. अठरा वर्षांनी त्या खोलीत बसलेल्यांपैकी कितीजणांनी मूळ हुकूम वाचला असेल? आमच्या पलटणीतही असे काही ‘स्थायी आदेश’ होते. कुणी दिले ते कुणालाच माहीत नाही, पण मोडायची हिंमत कुणाची नाही.

ब्रिटनने १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या काळात अशीच बंदी आणली. तिचा तमाशा झाला. तिथे फक्त आवाजाला बंदी होती, त्यामुळे शिन फेनचे गेरी अॅडम्स पडद्यावर दिसायचे, ओठ हलायचे आणि आवाज एखाद्या भाडोत्री नटाचा. आपल्या डब केलेल्या सिनेमांसारखा. लोक हसायचे. आयरिश बंदीत हसण्यासारखेही काही नव्हते. तिथे नुसती पोकळी होती. स्वतःच्याच बेटावरच्या युद्धातला एक पक्ष काय म्हणतो हे डब्लिनच्या प्रेक्षकाला ऐकायचे झाले तर लंडनची वाहिनी लावावी लागे.

दर जानेवारीत तो हुकूम पुढच्या वर्षासाठी नव्याने काढावा लागे आणि तो दर जानेवारीत निघत गेला. जानेवारी १९९४ मध्ये कला व संस्कृती खात्याचे मंत्री मायकेल डी. हिगिन्स होते; पुढे ते आयर्लंडचे राष्ट्रपती झाले. त्यांनी हुकूम काढला नाही. मुदत संपली आणि बंदी आपोआप गळून पडली. शिन फेनच्या नेत्यांना आता आर.टी.ई.च्या स्टुडिओत बसावे लागले आणि पत्रकारांनी त्यांना बाँबस्फोटांत मेलेल्या माणसांबद्दल तोंडावर प्रश्न विचारले. बावीस वर्षे ते प्रश्न त्यांना आयरिश टेलिव्हिजनवर कुणी विचारलेच नव्हते. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आय.आर.ए.ने शस्त्रसंधी जाहीर केली. बंदी उठली म्हणून शस्त्रसंधी झाली असे मी म्हणणार नाही. पडद्यामागे वाटाघाटी आधीपासून चालू होत्या. पण ती बातमी आयरिश माणसाने आयरिश वाहिनीवर, ज्याची त्याच्या आवाजात ऐकली.

जाडोटव्हिलच्या वेढ्यातून सुटून आलेल्या त्या आयरिश कंपनीचे घरी काय स्वागत झाले, हा प्रश्न मात्र मागच्या वेळेपासून तसाच राहिला आहे. पुढच्या भागात तो घेऊ. जय हिंद.